खालचा खण

भोईवाडा, परळ
रविवार, ८ जानेवारी १९५६

वरच्या खणाकडून खालच्या खणास,

ओळखलंस ना? तुझ्या जागी शाळेनं अजून कुणाला घेतलेलं नाही, त्यामुळे आपलं दोघींचं ते एकुलतं एक कपाट होतं तसंच आहे. वर माझे रंग, ब्रश आणि मुलींच्या वह्या. खाली तुझी पेटी. चित्रकला आणि गाणं हे दोन्ही विषय मुख्य बाईंच्या लेखी सारखेच बिनकामाचे, म्हणून दोघींत मिळून एक कपाट दिलं होतं आणि आपण खणांवरून महिनाभर भांडलो होतो. आता भांडायला कुणी नाही. पेटीवरची धूळ मी दर शनिवारी पुसते, पण भाता हलवत नाही. मला वाजवता येत नाही हे एक, आणि तो आवाज मला सोसायचा नाही हे दुसरं.

बातमी अशी की चित्रकला-शिक्षकांच्या मंडळानं वार्षिक प्रदर्शनात माझं चित्र घेतलंय. फोर्टात हॉल भाड्यानं घेतलाय. शनिवारी २१ तारखेला तू इथं हवीस. शनिवारी दुपारी चित्रं बघायची, संध्याकाळी गिरगावात बैठक आहे ती ऐकायची, रविवारी पाय नेतील तिकडे जायचं. शाळा अर्ध्या दिवसानं सुटली की आपण जायचो ना, तसंच. तुझं लग्न होऊन आठ महिने झाले आणि मी एकटीनं एकही गाणं ऐकलेलं नाही. एकटीनं ऐकलं की कुठं मान हलवायची ते कळत नाही मला.

चित्र कशाचं ते सांगणार नाही. येऊन बघ.

पाकिटाच्या मागे तू सांगितल्याप्रमाणे नुसतं 'चंपा, मुंबई' एवढंच लिहिलंय. तुझ्या सासूबाईंना 'ही गमरे कोण' असा प्रश्न पडायला नको. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी ठरवलंय.

चंपा

अकोला
संक्रांत, १४ जानेवारी १९५६

वरच्या खणास खालच्या खणाकडून तिळगूळ,

येते. तिकीटसुद्धा काढलं. सासूबाईंना सांगितलंय की गिरगावच्या आत्याकडे हळदीकुंकू आहे. आत्याकडे हळदीकुंकू असतंच, त्यामुळे हे अगदीच खोटं नाही. मी तिकडे जाणार नाही एवढाच काय तो फरक. तुझ्याकडे उतरेन. तुझ्या आयेला सांग, माझ्यासाठी वेगळं काही करायचं नाही.

इथं गाणं म्हणजे गुरुवारची आरती. त्यातही माझा आवाज जरा वर गेला की सासूबाई टाळ्या जोरात वाजवायला लागतात. तशा त्या वाईट नाहीत, त्यांना सवय नाही इतकंच. ह्यांचं बरं आहे. कचेरीतून आले की बूट काढता काढता विचारतात, आज काय गुणगुणलीस? मी म्हणते, काही नाही. ते म्हणतात, उद्या बघू.

पाकिटाचं मनावर घेऊ नकोस गं. थोडे दिवस जाऊ देत.

दादरला सकाळी उतरेन. तू फलाटावर हवीस, नाहीतर मी रडेन.

कालिंदी

भोईवाडा, परळ
रविवार, २९ जानेवारी १९५६

कालिंदी,

तू आली नाहीस हे फार बरं झालं, आणि आली नाहीस म्हणून मी रडले, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत.

पेपरात वाचलंच असशील. त्या सोमवारी रात्री रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्ली सांभाळणार. मंगळवारपासून इकडे जे सुरू झालं ते आठवडाभर. गिरण्या बंद, शाळा बंद. लालबागकडून गोळ्यांचा आवाज यायचा आणि आये आम्हाला खिडकीपासून लांब बसवायची. आमच्या चाळीच्या मागच्या चाळीतला एक पोरगा दूध आणायला गेला तो परत आला नाही. त्याच्याबद्दल जास्त लिहवत नाही.

प्रदर्शन रद्द झालं. चित्र घरी पलंगाखाली आहे. तू तेवढा एक शनिवार माझ्याकडे बाकी ठेव.

चंपा

अकोला
२० डिसेंबर १९५६

चंपा,

दोन आठवडे रोज पत्र लिहायला घेते आणि फाडते. बाबासाहेब गेले हे पेपरात वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते.  तुझे बाबा कसे असतील, आये कशी असेल, एवढंच मनात येत राहिलं. मला नीट लिहिता येत नाही. पण मला तुझ्यापाशी यायचं होतं.

आणखी एक सांगते. ऑक्टोबरात ह्यांना पोचवायला सकाळी स्टेशनवर गेले होते, तेव्हा मुंबईकडून नागपूरला जाणारी गाडी आली. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांनी डबेच्या डबे भरलेले. दीक्षेला निघालेल्या. तू त्यात असशील म्हणून मी फलाटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक खिडकीत बघत गेले. ह्यांची गाडी सुटून गेली तरी मी तिथंच. नंतर वाटलं, काय हा वेडेपणा.

फेब्रुवारीत येते. आता आत्याचं सांगणार की आणखी कुणाचं, ते बघीन, पण येते.

कालिंदी

भोईवाडा, परळ
१ जानेवारी १९५७

कालिंदी,

मी त्या गाडीत होते. अकोला आलं तेव्हा खिडकीशी आयेला झोप लागली होती, म्हणून मी दरवाजात उभी होते आणि मान उंच करून फलाटावर बघत होते. तुझं घर स्टेशनपासून किती लांब असेल ह्याचा हिशोब करत होते. तू मात्र खिडक्याच बघत गेलीस. दरवाजात बघायचंस की गं बये.

बाबा आता बोलायला लागलेत. महिनाभर मुके होते.

प्रदर्शन फेब्रुवारीत, शनिवार ९ तारखेपासून. तेच चित्र देते आहे.

चंपा

भोईवाडा, परळ
सोमवार, १८ फेब्रुवारी १९५७

खालच्या खणा, आधी बस. बसलीस? आपलं चित्र विकलं गेलं.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हॉलवर गेले. टेबलावर बसतात ते म्हातारे कारकून चष्मा कपाळावर सारून म्हणाले, गमरेबाई, तुमचं गेलं. मी घाबरून विचारलं, कुठं गेलं? तर हसत सुटले. अगं, चित्राखालच्या चिठ्ठीवर लाल ठिपका असला की ते चित्र कुणीतरी विकत घेतलं असं समजायचं. मोठ्या प्रदर्शनांतली पद्धत मंडळानं यंदा उचललीय. धावत जाऊन बघितलं. 'मधली सुट्टी, चंपा रामजी गमरे' आणि माझ्या नावाशेजारी लाल ठिपका. जरा वेडावाकडा, पण आहे. घेणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं राहिलंय, शेवटच्या दिवशी येऊन नेतील म्हणाले.

माझं चित्र कुणा अनोळखी माणसाच्या भिंतीवर लागणार, कालिंदी. माझी ओळख नाही, माझ्यावर उपकार करायचे नाहीत, नुसतं चित्र आवडलं म्हणून. मला एवढंच हवं होतं. बाबांची गिरणीच्या रिंगखात्यात पंचवीस वर्षं गेली, पण त्यांनी कधी चाळीत काही वाटलं नव्हतं. परवा पेढे वाटले. दारोदार जाऊन सांगत होते, पोरीचं चित्र गेलं.

तू चित्रापुढे उभी राहून विचारलंस, रिकाम्या वर्गात पेटीवर बसलेल्या ह्या बाईला तोंड का नाही, पाठच का? तेव्हा मी उडवाउडवी केली. खरं आता सांगते. तुझा चेहरा मला नीट आठवेना. रोज वेगळाच यायचा. मग पाठ काढली. तुझी पाठ मी दोन वर्षं मधल्या सुट्टीत बघितलीय, ती चुकणार नव्हती.

दोन दिवस कसे गेले गं. आत्याच्या गल्लीवरून जाताना तू डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडे तोंड करून चाललीस. जिच्याकडे उतरले म्हणून सांगायचं, तिच्यापासूनच लपायचं. खोताच्या वाडीत त्या लाकडी घराच्या जिन्याखाली आपण कुणाचं तरी व्हायोलिन ऐकत उभ्या राहिलो, आणि म्हाताऱ्या बाईनं वरून डोकावून 'आत येऊन बसा' म्हटलं तर चोरासारख्या पळालो. गिरगावच्या बैठकीत मागच्या रांगेत तू माझ्या मनगटावर बोटांनी ताल धरला होतास. पण मला आठवतो तो रविवार. परळच्या मैदानात शाहीर डफावर थाप मारून उठला, साऱ्या मैदानानं पालुपद धरलं, आणि माझ्या शेजारून एक आवाज वर निघाला. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. तू डोळे मिटून गात होतीस. टाळ्या वाजवून तुझा आवाज दाबणारं तिथं कुणी नव्हतं.

गाडी सुटल्यावर मी दादर ते भोईवाडा चालत आले.

चंपा

अकोला
२४ फेब्रुवारी १९५७

चंपा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. बाबांना माझा नमस्कार सांग. पेढे वाटले हे वाचून मला भरून आलं.

आयेनं केलेली कुळथाची पिठी अजून जिभेवर आहे. मला पाणी द्यायला ती दारात थबकली होती, आठवतं? मी सरळ आत जाऊन माठातून घेतलं तेव्हा ती हसली. ते हसू मी इथं घेऊन आलेय.

मैदानातलं माझ्याकडून कसं झालं मला ठाऊक नाही. गाडीत रात्रभर घसा दुखत होता आणि मला ते आवडत होतं.

एक विचारू? लाल ठिपका म्हणजे विकलं, हे मला माहीत नव्हतं. अगदी माहीत नव्हतं. कारकुनांनी घेणाऱ्याला स्वतः बघितलंय का? पुन्हा एकदा विचार ना. वहीत नाव लिहून घ्यायला सांग. उगाच आपलं माझं मन, दुसरं काही नाही.

कालिंदी

भोईवाडा, परळ
रविवार, १० मार्च १९५७

कालिंदी,

कुणी आलं नाही.

शेवटच्या दिवशी सगळ्यांची चित्रं उतरवली तरी मी माझ्या चित्राखाली स्टूल टाकून बसले होते. शेवटी कारकुनांनी चिठ्ठी काढली, तर त्यांच्या बोटाला लाल लागलं. हुंगून म्हणाले, हे कुंकू आहे. हॉलमधली चार माणसं हसली. विकल्या गेलेल्या बाकीच्या चित्रांवर कागदाचे गोल ठिपके होते, माझ्यावर कुंकू. मोठा वेडावाकडा ठिपका. मलाच कळायला हवं होतं.

मग कारकुनांनी सांगितलं की एक पारशी बाई दोनदा येऊन गेल्या होत्या. पियानो शिकवतात. चित्रापुढे बराच वेळ उभ्या होत्या, म्हणाल्या, ह्या बाईची पाठ गाते. विकत मागितलं. ह्यांनी ठिपका दाखवून सांगितलं, गेलं. त्या पत्तासुद्धा न ठेवता गेल्या.

कालिंदी, हे कुणीतरी मुद्दाम केलंय. चिठ्ठीवर माझं आडनाव वाचलं असेल आणि वाटलं असेल, आता ह्यांना चित्रंही काढायची आहेत, थोडी गंमत करू. आजवर मला तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं. हे त्याहून वाईट.

चित्र चादरीत गुंडाळून घरी आणलं. जिन्यात शेजारच्या सुभद्रामावशी भेटल्या. म्हणाल्या, पेढे खाल्ले की आम्ही, मग हे परत कसं आलं? बाबा दारातच होते. त्यांनी चित्र माझ्या हातातून घेतलं आणि पलंगाखाली सरकवलं.

आता मी कुठं चित्र देणार नाही. मुलींना आंबा आणि तांब्या शिकवीन, पगार घेईन.

तू त्या दिवशी तिथं होतीस. मला चित्रकला शिकवणारे गुरुजी आले होते, मी त्यांच्याशी बोलत होते तेव्हा तू चित्राजवळच होतीस. तिथं कुणाला घुटमळताना बघितलंस का? आठवून सांग. मला नाव हवंय.

आणि राग आलाच आहे तर हेही लिहिते. ज्या घरात माझं आडनाव पाकिटावरूनही जाऊ शकत नाही, त्या घरी हे पत्र पाठवताना आज हात थांबला होता.

चंपा

अकोला
२ जून १९५७

चंपा,

होय, बघितलं. ती मीच.

तीन महिने हे एक वाक्य लिहायला लागले. आता सगळं लिहिते.

तू गुरुजींशी बोलत होतीस. मी इतर चित्रं बघत फिरले तर काही चिठ्ठ्यांवर लाल ठिपके. मला वाटलं, परीक्षकांना जी आवडली त्यांना मान म्हणून कुंकू लावलंय. आमच्या गिरगावच्या घरी नवी वही आली, शिवणाचं यंत्र आलं, माझी पेटी आली, की आधी तिला कुंकू लागायचं. त्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. ठिपका बघून मला दुसरं काही सुचलंच नाही. आणि तुझं चित्र मात्र तसंच, उघडं. मला राग आला. सगळ्या हॉलमध्ये तेच एक चित्र बघण्यासारखं होतं आणि त्यालाच कुणी मान दिला नव्हता. मी कपाळावर बोट टेकलं आणि तुझ्या नावाशेजारी टेकवलं. मेणावरचं कुंकू, पक्कं बसलं. मनात म्हटलं, घ्या. तुला सांगणार होते, मग वाटलं, आपोआप दिसेल तेव्हा मौज येईल.

तुझं पेढ्यांचं पत्र वाचलं आणि माझ्या ध्यानात आलं, तो ठिपका माझाच. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू इतकी आनंदात होतीस, आणि मी स्वतःला समजावलं की कदाचित खरंच कुणी घेतलं असेल. म्हणून ते नावाचं विचारत बसले. भित्री आहे मी. पारशी बाईंचं वाचल्यापासून 'ह्या बाईची पाठ गाते' हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. तुला जे एकच हवं होतं ते माझ्या बोटानं घालवलं.

तुझ्या आडनावाची कुणी थट्टा केली नाही. पण तुला तसं वाटलं ह्यात नवल ते काय? तुझं आडनाव लपवायला मीच शिकवलं होतं ना.

गेल्या महिन्यात सासूबाईंना सांगून टाकलं की फेब्रुवारीत मी आत्याकडे नव्हते, भोईवाड्यात गमऱ्यांकडे राहिले, जेवले. आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ह्यांना विचारलं, तुम्ही रागावलात का? म्हणाले, 'मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या आत्याकडे कुळीथ शिजत नाही, आणि तू आल्यापासून दुसरं काही करत नाहीस.'

ह्यापुढे पाकिटावर पूर्ण नाव लिही, पूर्ण पत्ता लिही. लिहिणार असशील तर.

कालिंदी

अकोला
रविवार, ९ फेब्रुवारी १९५८

चंपा,

हे माझं चौथं पत्र. आज त्या शनिवाराला वर्ष झालं. तू लिहिणार नाहीस हे कळतं, पण टपालवाला आमच्या दारावरून पुढे गेला की तो दिवस मला लांब वाटतो.

एवढंच सांग की चित्रं काढतेस. दुसरं काही लिहू नकोस.

कालिंदी

भोईवाडा, परळ
मंगळवार, ३ मे १९६०

वरच्या खणाकडून खालच्या खणास,

अक्षर अजून ओळखतेस ना?

तीन वर्षांत तू सात पत्रं पाठवलीस. सातही वाचली. पहिले दोन महिने रागानं उत्तर दिलं नाही, हे खरं. पुढची सगळी वर्षं मात्र लाजेनं. कुणाकुणाला मी मनातून शिव्या दिल्या होत्या, मंडळातल्या एका बाईशी बोलणं सोडलं होतं. तुझं पत्र आल्यावर तिच्याशी कुठल्या तोंडानं बोलू? तुला कुठल्या तोंडानं लिहू? आज लिहीन, उद्या लिहीन म्हणता म्हणता इतके दिवस झाले की मग 'एवढे दिवस का नाही लिहिलं' ह्याचंच उत्तर देता येईना. तू गेल्या वर्षी श्रावणापासून लिहायचीही थांबलीस, तेव्हा मला वाटलं, संपलं. माझ्या हातानं संपवलं.

पण परवा एक मे झाला. आपलं राज्य आलं. लालबाग-परळमध्ये घरोघर दिवे, गुढ्या, रस्त्यात लेझीम. ज्या मैदानात तू गायली होतीस तिथंच शाहीर उभा राहिला आणि लोकांनी पालुपद धरलं. हजारो माणसं गात होती, कालिंदी, आणि मी उभी राहून शेजारचा एक आवाज शोधत होते. आयेनं विचारलं, रडतेस कशाला, मुंबई मिळाली ना? मी म्हटलं, मिळाली.

आता ऐक. चित्र मी विकलेलं नाही आणि विकणार नाही. त्याच्यानंतर दुसरी काढली. त्यातलं एक गेल्या वर्षी गेलं, कागदाच्या खऱ्या ठिपक्यानं. पण 'मधली सुट्टी' माझी नव्हेच. मंडळाचा नियम आहे, ज्यानं ठिपका लावला त्याचं चित्र. ठिपका तू लावलास, चित्र तुझं. तीन वर्षं तुझी वस्तू पलंगाखाली ठेवून मी कंटाळले. टपालानं पाठवणार नाही. स्वतः ये आणि घेऊन जा. आणि बाईसाहेब, ह्या खेपेला कपाळावरचं कुंकू कपाळावरच ठेवायचं. दिसेल त्याला लावत सुटायचं नाही.

पाकिटावर पूर्ण नाव लिहिलंय. पत्ताही.

चंपा रामजी गमरे

अकोला
१२ मे १९६०

चंपा,

पत्र सासूबाईंच्या हाती पडलं. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं, सावकाश वाचलं आणि मला हाक मारली, 'कालिंदी, तुझ्या गमरेबाईंचं पत्र आलंय.' एवढं बोलून माझ्या हातात दिलं. तू हे ऐकायला हवी होतीस.

आता जे लिहिते त्यात तुझा काही दोष नाही. तुला ठाऊकच नव्हतं. गेल्या श्रावणात हे गेले. तापाचं निमित्त झालं, अकरा दिवसांत सगळं आटपलं. म्हणून माझी पत्रं थांबली. तुला काय लिहू आणि कसं लिहू? तू आधीच गप्प होतीस, त्यात हे कळवलं असतं तर कीव आली म्हणून लिहिलं असतंस. मला तसलं पत्र नको होतं. हे आलं तसंच हवं होतं, चिडवणारं.

कुंकवाचं वाक्य वाचून आधी हसले. खरंच हसले. किती महिन्यांनी. मग पत्र मिटलं आणि माजघरात जाऊन बसले.

आता मला विचारणारं कुणी नाही की आज काय गुणगुणलीस. ते रोज विचारायचे आणि मी रोज म्हणायचे, काही नाही. एखाद्या दिवशी म्हणून दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? गुरुवारच्या आरतीला मी मागे बसते, ओठ हलवते. परवा आरती संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, घर फार गप्प झालं गं. मूल नाही, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मामंजी म्हणतात, तुझं वय काय, काहीतरी कर. काय करू ते कुणाला सांगता येत नाही. कधी कधी ते कपाट डोळ्यांपुढे येतं. पण डोळ्यांपुढे येऊन काय होतंय.

चित्राला इथं भिंत कुठली देऊ? ते तुझ्याकडेच असू दे. फक्त एक कर. ती चिठ्ठी अजून असेल तर टाकू नकोस. माझं कुंकू आता जगात तेवढंच आहे. पुसू नकोस.

कालिंदी

भोईवाडा, परळ
गुरुवार, १९ मे १९६०

कालिंदी,

तुझं पत्र आयेला वाचून दाखवलं.  मी ते कपाळाचं लिहायला नको होतं, आणि तुला एकटीला हे सोसू द्यायला नको होतं. आणखी काय लिहिणार.

चिठ्ठी आहे. टाकली नव्हती, रागात होते तेव्हासुद्धा नाही. काल बाबांनी तिला काच बसवून आणली. कुंकू जरा काळसर झालंय, पण तुझ्या बोटाच्या रेघा त्यात अजून दिसतात.

आता तुला न विचारता मी एक काम केलंय. तू माझ्या चित्राला न विचारता कुंकू लावलंस, तेव्हा फिट्टंफाट. आपल्या मुख्य बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. नव्या बाईंना गाण्याची शिक्षिका हवी आहे, पाच वर्षं ती जागा कुणी भरली नाही. मी जाऊन तुझं नाव सांगून आले. त्या म्हणाल्या, येऊ देत. शाळा १३ जूनला उघडते.

पेटी बाहेर काढली. भाता एका बाजूनं उंदरानं कुरतडलाय, तो लालबागच्या कारागिराकडे दिलाय. आठवड्यात देतो म्हणाला. राहायचं म्हणशील तर आत्याकडे राहा, नाहीतर आये म्हणते माठ आहे तिथंच आहे. सासूबाईंना मी वेगळं पत्र लिहिते आहे, माझ्या पूर्ण नावानं. त्या नाही म्हणतील असं मला आता वाटत नाही.

दादरच्या फलाटावर मी असेन. ह्या वेळी खिडक्या, दरवाजे सगळीकडे बघीन. परतीचं तिकीट काढू नकोस.

पाठीचं चित्र झालं. आता मला तुझं समोरून काढायचंय, मधल्या सुट्टीत, पेटीवर बसलेली. कपाळ जसं असेल तसं काढीन.

खालचा खण झाडून ठेवलाय.

चंपा